बडोद्यात चक्रीवादळाची खबर आली की घर कसं तयार करायचं

आम्ही २०१८ साली सांगलीहून बडोद्याला राहायला आलो. सांगलीत लहानपणापासून कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाण्याचे फूट मोजत पावसाळे काढलेले, त्यामुळे पुराच्या पाण्याची तशी सवय होती. वादळाचा मात्र विचारही केला नव्हता. बडोद्याला समुद्र नाही, मग चक्रीवादळ आपलं काय करणार, असं वाटायचं. कारेलीबागेत तळमजल्यावर राहून तौक्ते, बिपरजॉय आणि २०२४ चा ऑगस्ट पाहिल्यावर ते वाटणं पार गेलं. नोकरीसाठी, लग्न होऊन किंवा युनिव्हर्सिटीत शिकायला जे नव्यानं इथे येतात, त्यांना आमच्यासारखं ठेच लागून शिकावं लागू नये, म्हणून हे क्रमानं लिहिते आहे.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. बडोद्यात वादळाचा त्रास दोन खेपांत होतो. पहिली खेप वाऱ्याची. १७ मे २०२१ च्या रात्री तौक्ते ऊना-दीवच्या पट्ट्यात धडकलं आणि सौराष्ट्र ओलांडून वर सरकलं. आमच्या सोसायटीतला मोठा गुलमोहर त्यात आडवा झाला आणि वीज गेली. १५ जून २०२३ ला बिपरजॉय कच्छमध्ये जखाऊजवळ जमिनीवर आलं. इथे आम्हाला त्याचे फक्त झोत लागले. दुसरी खेप पाण्याची. ती वारा पडल्यावर येते, आणि कधीकधी पाऊस थांबल्यावरही. बहुतेकांची तयारी पहिल्या खेपेसाठी असते, नुकसान दुसऱ्या खेपेत होतं.

२०२४ मध्ये तर सगळं उलट्या क्रमानं झालं. ऑगस्टच्या शेवटी गुजरातवर जे अतितीव्र कमी दाबाचं क्षेत्र होतं, त्यानं जन्माष्टमीच्या सुमारास बडोद्यावर पाऊस ओतला. नंतर ते कच्छवरून समुद्रात उतरलं आणि ३० ऑगस्टला त्याचं चक्रीवादळ झालं. असना हे नाव त्याला तेव्हा मिळालं. म्हणजे नाव मिळायच्या आधीच शहर बुडालेलं होतं. म्हणून वादळाला नाव मिळायची वाट बघत बसू नका.

१. आपलं घर कुठल्या पातळीवर आहे, ते मे महिन्यातच शोधा

अरबी समुद्रातली वादळं मुख्यतः मे-जूनमध्ये आणि मग ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतात. मधल्या पावसाळ्यात ती क्वचित होतात, म्हणूनच असनाची एवढी चर्चा झाली. हे पहिलं काम मेच्या सुट्टीत उरकून टाका.

सोसायटीतल्या जुन्या रहिवाशांना दोन तारखा विचारा. ३१ जुलै २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं? आणि २८ ऑगस्ट २०२४ ला? २०१९ ला एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला होता. २०२४ ला शहरातून वाहणारी विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली आणि काही सखल भागांत १० ते १२ फूट पाणी होतं. समा, फतेगंज, सयाजीगंज, अकोटा, मुजमहुडा, परशुराम भठ्ठा, वडसर, कारेलीबागेचा काही भाग, ही नावं त्या दिवसांत सारखी कानावर येत होती. भागाच्या नावावर मात्र जाऊ नका. आमच्याच गल्लीत चार घरं सोडून पलीकडच्या घरात पाणी शिरलं नाही, कारण त्यांचा ओटा तीन पायऱ्यांनी उंच आहे.

जिन्याजवळच्या भिंतीवर, मीटरच्या पेटीखाली, गेटच्या खांबावर पुराची चिखलट रेघ अजून दिसते का ते बघा. रंग दिलेला असेल तर वॉचमनला विचारा, त्याला बरोबर माहीत असतं. ती उंची आपल्या घरात भिंतीवर मोजा आणि पेन्सिलीनं खूण करा. त्या खुणेच्या खाली तुमचं काय काय आहे? फ्रिज, इन्व्हर्टरची बॅटरी, प्लगपॉइंट, कपाटाचा खालचा कप्पा. ही यादी म्हणजे तुमची अर्धी तयारी.

भाड्यानं घर घेताना दलाल 'इथे पाणी येत नाही' असंच सांगतो. त्याचं ऐकून सही करू नका, समोरच्या किराणा दुकानदाराला विचारा.

२. खबर कुठून घ्यायची आणि तिचे शब्द कसे वाचायचे

हवामान खात्याच्या शब्दांना ठरलेले अर्थ आहेत. वाऱ्याचा वेग ताशी ३१ ते ४९ किलोमीटर असेल तर कमी दाबाचं क्षेत्र तीव्र झालेलं असतं, ५० ते ६१ असेल तर अतितीव्र. ६२ च्या पुढे गेला की त्याला चक्रीवादळ म्हणतात आणि नाव मिळतं. वरच्या पायऱ्यांवर 'तीव्र', 'अतितीव्र' असे शब्द चक्रीवादळाला पुन्हा लागतात, त्यामुळे बातमीत नुसता शब्द न वाचता आकडा वाचा. अमेरिकेत ज्याला हरिकेन म्हणतात तेही हेच, फक्त समुद्र वेगळा. म्हणून तिकडच्या तयारीचे व्हिडिओ उपयोगी पडतात, पण तिकडची लाकडी घरं आणि आपली विटांची यात फरक आहे, हे लक्षात ठेवा.

किनाऱ्यासाठी वादळाचा पहिला इशारा साधारण ४८ तास आधी येतो आणि पक्का इशारा २४ तास आधी. पावसाच्या इशाऱ्याचे रंग सोपे आहेत: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे हालचाल करा. फोनवर 'मौसम', 'सचेत' आणि आभाळातल्या विजेच्या इशाऱ्यासाठी 'दामिनी' ही सरकारी ॲप घालून ठेवा. फोन एकदम भोंग्यासारखा वाजून स्क्रीनवर सरकारी संदेश आला तर तो बंद करण्याआधी वाचा.

आता बडोद्याचं खास. इथे पाऊस मोजून काही कळत नाही. विश्वामित्री पावागडातून येते, आणि शहराच्या पूर्वेला सयाजीराव महाराजांनी बांधवलेलं आजव्याचं सरोवर आहे. त्याला ६२ दरवाजे आहेत. तिकडे पाऊस झाला आणि आजवा भरला की तिथलं पाणी नदीत येतं आणि काही तासांनी शहरात पोहोचतं. त्या वेळी तुमच्या खिडकीबाहेर स्वच्छ ऊन असू शकतं. २०२४ ला नेमकं हेच झालं. सोमवारी पाऊस कोसळला, मंगळवारी नदीनं धोक्याची पातळी ओलांडली, आणि बुधवारी पाऊस थांबलेला असताना आमच्या गल्लीत छातीएवढं पाणी होतं. मंगळवारी दुपारी उघडीप झाली तेव्हा मी दोरीवर कपडे वाळत घातले होते. वरच्या मजल्यावरच्या काकू पिढ्यान्‌पिढ्या बडोद्यातल्या. त्या जिन्यातून ओरडल्या, "अगं, पाऊस काय बघतेस, आजवा बघ!" मी ऐकलं नाही. सामान वर न्यायला मला जे चार तास मिळाले असते, ते मी घालवले.

तेव्हा दोन आकडे पाहायचे: आजव्याची पातळी, आणि काळा घोडा पुलाजवळची विश्वामित्रीची पातळी. वादळाच्या दिवसांत स्थानिक बातम्यांत आणि महापालिकेच्या सूचनांत ते दर काही तासांनी येतात. धोक्याची पातळी २५-२६ फूट धरतात. मी स्वतःसाठी नियम केलाय: नदी २० फुटांवर गेली आणि चढतीच असली की सामान उचलायला लागायचं. सांगलीकरांसाठी सांगते, कृष्णेचं पाणी दिवसांच्या हिशोबानं चढतं, विश्वामित्री तासांच्या हिशोबानं. २०१९ ला माहेरी पाणी ५७ फुटांवर गेलं तरी आईला घर हलवायला दोन दिवस मिळाले होते. इथे तसे मिळत नाहीत.

२०२५ च्या पावसाळ्याआधी नदीचं पात्र खोल आणि रुंद करायचं मोठं काम झालंय. चांगलंच झालं. त्या भरवशावर तयारी मात्र सोडू नका.

व्हॉट्सॲपवर 'आजवा फुटलं' असे निरोप दर वर्षी फिरतात. २०१९ आणि २०२४, दोन्ही वेळेला मला आले. ज्या निरोपात वेळ, आकडा आणि कुणी सांगितलं हे नाही, तो पुढे पाठवू नका. म्हातारी माणसं उगाच घाबरतात.

३. कागदपत्रांची पिशवी

एक जाड प्लास्टिकची, झिप असलेली पिशवी घ्या. ती दुसऱ्या तशाच पिशवीत घाला आणि मग सॅकमध्ये ठेवा. आत हे हवं:

- आधार, पॅन, रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र
- घराचा दस्त किंवा भाडेकरार, वेरा बिल (म्हणजे घरपट्टीचं), ताजं लाइट बिल
- बँकेची पासबुकं, विम्याच्या पॉलिसी, गाडीचं आरसी बुक
- मुलांचे जन्मदाखले आणि शाळेचे दाखले
- घरातल्या आजारी माणसाची फाइल आणि औषधांची चिठ्ठी
- थोडी रोख, सुट्टे पैसे धरून. वीज गेली की एटीएम आणि यूपीआय दोन्ही अडतात.
- महत्त्वाचे फोन नंबर कागदावर लिहिलेले

सगळ्याचे फोटो काढून गावाकडच्या एका माणसाला पाठवून ठेवा, डिजिलॉकरमध्येही घाला. आमचे दाखले कपाटाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये होते. लॅमिनेशन केलेले कागदसुद्धा कडेनं पाणी पितात आणि आतली शाई पसरते, हे मला त्या वेळी कळलं.

त्याच दिवशी घरातल्या प्रत्येक खोलीचा एक व्हिडिओ काढा. कपाटं उघडून, फ्रिज-टीव्हीवरचे नंबर दिसतील असा. विम्याच्या दाव्याला आणि सरकारी पाहणीला याच्याइतकं काहीच उपयोगी पडत नाही.

४. वाऱ्यासाठी: गच्ची, गॅलरी, झाडं

हे काम इशारा आल्याच्या दिवशी उजेडात करायचं. वारा सुटल्यावर गच्चीवर कुणीही जायचं नाही.

गच्चीवरची प्लास्टिकची टाकी पूर्ण भरून ठेवा. रिकामी टाकी उडते, भरलेली हलत नाही, आणि वीज गेल्यावर तेच पाणी वापरायला होतं. सोलरचे नटबोल्ट, पत्र्याची शेड, डिशची छत्री तपासून घ्या. कुंड्या, खुर्च्या, कपड्यांचा स्टँड, मुलांची सायकल, सगळं आत. गच्चीवरची पन्हाळी आणि पाणी जायच्या जाळ्या साफ करा. पानं साचून जाळी तुंबली की गच्चीचं तळं होतं आणि छत गळतं.

झाडाखाली, होर्डिंगखाली आणि जुन्या कंपाउंडच्या भिंतीला लागून गाडी लावू नका. धोक्याची फांदी असेल तर महिनाभर आधी सोसायटीतर्फे अर्ज देऊन छाटून घ्या, ऐन वेळी ती कामं होत नाहीत. जुन्या शहरात, दांडिया बाजार किंवा वाडीच्या बाजूच्या जुन्या वाड्यात राहत असाल तर नळीची कौलं आणि लाकडी झरोके नीट बघून घ्या. कौल सुटलं की खालच्या माणसाच्या डोक्यावर येतं.

काचांवर चिकटपट्टी मारायची पद्धत बरीच दिसते. तिनं काच फुटायची थांबत नाही, उलट मोठे तुकडे होऊन पडतात. खिडक्या कडीनं घट्ट लावा, पडदे ओढून घ्या आणि वाऱ्याच्या बाजूच्या खोलीत झोपू नका. कोपऱ्यातली, कमी खिडक्यांची खोली त्या रात्रीपुरती सगळ्यांची.

दीव, ऊना, जाफराबादकडे नातेवाईक असतील तर त्यांना एक गोष्ट जरूर सांगा. वादळाचा डोळा डोक्यावर आला की वारा एकदम पडतो, आभाळही उघडतं. ते संपणं नव्हे. थोड्या वेळात वारा उलट्या दिशेनं तितक्याच जोरात येतो.

५. तळमजल्यासाठी: पाणी दारातून येत नाही, मोरीतून येतं

हे मी सविस्तर लिहिते, कारण कुणीच सांगत नाही.

२०२४ च्या त्या मंगळवारी रात्री आम्ही उंबऱ्याशी वाळूची पोती रचली होती, त्यावर ताडपत्री, फटीत जुनी चादर. दार अगदी पक्कं. साडेअकराच्या सुमाराला मोरीतून गुडगुड आवाज यायला लागला. बॅटरी मारून पाहिलं तर जाळीच्या भोकांतून बुडबुडे येत होते. एकेक फुटायचा आणि त्याच्या जागी काळपट पाण्याचा छोटा उमाळा वर यायचा. दहा मिनिटांत मोरी भरली, मग संडासाचं भांडं भरलं, आणि पाणी उलट दिशेनं, आतून बाहेर, दाराकडे निघालं. आमची पोती ते घरात अडवून बसली होती. नदी चढली की गटारं उलटी वाहतात, आणि तळमजल्याची मोरी ही त्यांची पहिली वाट असते.

म्हणून:

मोरीच्या आणि बेसिनच्या जाळ्या काढून आत गोणपाटाचा ओला बोळा घट्ट कोंबा. त्यावर वाळूनं भरलेली प्लास्टिकची पिशवी आणि वर दगड किंवा पाण्यानं भरलेली बादली ठेवा. संडासाच्या भांड्यात वाळूची पिशवी दाबून बसवा. पिशवी दुहेरी हवी, फुटली तर वाळू नळीत जाऊन बसते. वॉशिंग मशीनची नळी मोरीतून काढून उंच बांधा. प्लंबरकडून बाहेरच्या चेंबरमध्ये एकाच दिशेनं उघडणारा व्हॉल्व्ह बसवून घेता आला तर उत्तम. आम्ही २०२४ नंतर बसवला.

इन्व्हर्टरची बॅटरी टेबलावर किंवा माळ्यावर न्या. हे एकट्यानं करू नका, ती जड असते आणि आत ॲसिड असतं. फ्रिज रिकामा करून चार विटांवर नव्हे, पलंगावर किंवा भक्कम टेबलावर चढवा. फ्रिज पाण्यात तरंगतो. आमचा तरंगून आडवा झाला आणि स्वयंपाकघराचं दार आतून अडकलं. गॅसचा बाटला भरलेलासुद्धा तरंगतो. रेग्युलेटर काढून, टोपी लावून तो खिडकीच्या गजाला दोरीनं बांधा. धान्याचे डबे, गाद्या, पुस्तकं, देवघर, शिवणयंत्र वरच्या मजल्यावर. शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा की कुणाचं सामान कुणाकडे जाणार. बडोद्याची माणसं या बाबतीत मनानं फार मोठी आहेत. आमच्या चार घरांचं सामान काकूंच्या हॉलमध्ये होतं आणि त्या स्वतः तीन दिवस स्वयंपाकघरात झोपल्या.

गाडी आदल्या दिवशीच उंच ठिकाणी, पुलावर नाही, ओळखीच्या पार्किंगमध्ये नेऊन लावा.

६. पाणी, जेवण, औषधं

पिण्या-स्वयंपाकासाठी माणशी दिवसाला चार लिटर धरा आणि किमान चार दिवसांचं भरा. पाच माणसांच्या घराला ८० लिटर, म्हणजे २० लिटरचे चार जार. वापरायचं पाणी वेगळं, पिंपं आणि बादल्या भरून. जमिनीतल्या टाकीवर भरवसा ठेवू नका, पुराचं पाणी आधी तिच्यातच शिरतं.

न शिजवता खाता येईल असं अन्न हवं. ठेपले, खाखरे, दशम्या, भडंग, शेंगदाणा-गूळ, लाडू, दुधाची पावडर, बाळ असेल तर त्याचं खाणं. केळी आणि काकड्या टिकतात. फ्रिजमधलं आधी संपवा. एक छोटी शेगडी वर न्या आणि खिचडीपुरते डाळ-तांदूळ डब्यात बांधा.

औषधं १५ दिवसांची घ्या. सासूबाईंना इन्सुलिन लागतं आणि वीज तीन दिवस नव्हती. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात, डबीत ठेवून ते आम्ही थंड ठेवलं. आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा की तुमचं औषध फ्रिजबाहेर किती दिवस चालतं. डायलिसिसवर असलेला माणूस, शेवटच्या महिन्यातली गरोदर बाई, ऑक्सिजनवर असलेला रुग्ण घरात असेल तर पिवळ्या इशाऱ्यालाच त्यांना दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे हलवा.

आणखी हे: बॅटऱ्या, पॉवरबँक, मेणबत्तीऐवजी चार्जिंगचा दिवा, काडेपेटी प्लास्टिकमध्ये, शिट्टी, जाड दोरी, चाकू, ब्लीचिंग पावडर, तुरटी, ओआरएसची पाकिटं, सॅनिटरी पॅड, डायपर, पाय पूर्ण झाकणारे बूट.

७. कोण कधी कुठे जाणार

हे घरात बसून, सगळ्यांदेखत ठरवा. म्हातारी माणसं 'मी घर सोडणार नाही' म्हणतात आणि पाणी कमरेला लागल्यावर त्यांना उचलून न्यावं लागतं. त्यांच्याशी भांडू नका. देवघरातला एखादा देव आणि त्यांची ट्रंक आधी वर न्या, मग ती आपोआप येतात. आमच्याकडे असंच झालं.

फोन लागत नाहीत तेव्हा भेटायची एक जागा ठरवा. बाहेरगावचा एक माणूस ठरवा, ज्याला सगळ्यांनी आपापला एक मेसेज टाकायचा. शहरातल्या शहरात फोन लागत नसला तरी मेसेज जातो. मुलांच्या खिशात नाव, पत्ता आणि दोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

नंबर पाठ असू द्यात: आणीबाणीला ११२, अँब्युलन्सला १०८, आगीला १०१, जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७. वीज कंपनीचा तक्रारीचा नंबर बिलावर छापलेला असतो. एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, सहावी बटालियन बडोद्याजवळ जरोदलाच आहे, पण शहरभर पाणी असताना तुमच्या गल्लीपर्यंत होडी यायला वेळ लागतो. घर सोडायला सांगितलं की त्याच फेरीत निघा, पुढच्या फेरीसाठी थांबू नका.

८. पाणी चढत असताना

जिन्याच्या पायरीवर पाण्याच्या कडेला खडूनं रेघ मारा आणि शेजारी वेळ लिहा. दर अर्ध्या तासाला नवी रेघ. रेघांमधलं अंतर वाढतंय की कमी होतंय, हे बघूनच निर्णय घेता येतो. आम्ही पहाटे दोन ते पाच याच रेघांवर बसून होतो.

पाणी प्लगच्या उंचीला यायच्या कितीतरी आधी मेन स्विच पाडा. पाण्यात उभं राहून किंवा ओल्या हातानं नाही. आधीच पाणी बोर्डापर्यंत गेलं असेल तर हात न लावता वर जा आणि वीज कंपनीला कळवा. जनरेटर असेल तर तो घरात, जिन्यात किंवा बंद गॅलरीत लावू नका. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाशिवाय माणसं मारतो.

वाहत्या पाण्यात उतरू नका. पोटरीएवढं वाहतं पाणी मोठ्या माणसाला पाडतं, आणि उघडी मॅनहोल दिसत नाहीत. उतरावंच लागलं तर काठीनं पुढची जमीन चाचपत, दोघांनी दोरी धरून जा. विश्वामित्रीत मगरी आहेत आणि पुरात त्या सोसायट्यांत येतात. २०२४ च्या त्या तीन दिवसांत वनखात्यानं वस्त्यांमधून दोन डझन मगरी पकडल्या. मगर दिसली तर व्हिडिओ काढायला जवळ जाऊ नका, काठीनं हुसकू नका. दार लावा, मुलांना वर ठेवा आणि वनखात्याला कळवा. साप तर हटकून येतात, जिन्याखाली आणि चपलांच्या स्टँडमध्ये.

९. पाणी उतरल्यावर

घाई इथेच होते आणि इथेच पैसे जातात.

पाण्यात राहिलेली गाडी सुरू करून बघू नका. चावी फिरवली की इंजिनात शिरलेलं पाणी दाबलं जातं आणि इंजिन मोडतं, आणि 'तुम्ही सुरू केली' म्हणून विमा नाकारला जाऊ शकतो. आमच्याकडे हेच झालं. टो करून न्या. नुसता थर्ड पार्टी विमा पुराला चालत नाही. सर्वंकष विमा आणि त्यात इंजिनाचं वेगळं संरक्षण आहे का, हे मे महिन्यात तपासा.

मेन स्विच लावण्याआधी इलेक्ट्रिशियनला दाखवा. भिजलेला फ्रिज, मिक्सर, मोटर वाळलेली दिसली तरी आत ओल असते. गॅसचा वास येतो का पाहा, रेग्युलेटर आणि नळी बदला.

काहीही फेकण्याआधी फोटो काढा, भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेजवळ पट्टी धरून. विमा कंपनीला लगेच कळवा आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवा. सरकारी पाहणीला माणसं येतात तेव्हा घरात कुणीतरी हजर हवं, आधार आणि बँकेचं पासबुक हाताशी हवं. आमच्या शेजारी सगळा भिजलेला माल आदल्या दिवशी कचऱ्याच्या गाडीत गेला आणि दाखवायला काही उरलं नाही.

चिखल ओला असतानाच झाडूनं बाहेर काढा, वाळला की सिमेंटसारखा धरतो. हातमोजे आणि बूट घालूनच. पायाला जखम असेल तर त्या पाण्यात मुळीच जाऊ नका, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो. ताप आला तर डॉक्टरांना 'पुराच्या पाण्यात होते' हे आवर्जून सांगा, प्रतिबंधक गोळ्यांबद्दलही विचारा. पाणी खळाखळा उकळूनच प्या. तुरटीनं गढूळपणा बसतो, जंतू मरत नाहीत. जुलाब लागले आणि ओआरएस नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ.

जमिनीतली टाकी पूर्ण उपसून, ब्लीचिंगनं घासून, दोनदा धुऊनच भरा. टाकीत माणूस उतरवण्याआधी झाकण बराच वेळ उघडं ठेवा आणि एक जण वर थांबा. प्लायवूडची कपाटं भिंतीपासून ओढून पुढे घ्या, पंखे लावून वाळवा. भिंती पूर्ण सुकल्याशिवाय रंग देऊ नका. आम्ही दिवाळीच्या घाईत दिला, तो जानेवारीत पापुद्र्यांनी सुटला.

आणि वाळलेली सॅक पुन्हा भरा. औषधांच्या तारखा बघा, पॉवरबँक चार्ज करा आणि सॅक माळ्यावर, हाताला लागेल अशी ठेवा. ऑक्टोबरात समुद्र पुन्हा तापतो.